नव्वदच्या दशकातले टीव्हीवरचे टॉप टेन : नंबर नेमके यायचे कुठून?

प्रश्न थोडक्यात असा होता की सुपरहिट मुकाबला, फिलिप्स टॉप टेन वगैरे काउंटडाउन, म्हणजे दहापासून एकपर्यंत नंबर लावून गाणी दाखवणारे कार्यक्रम, लागायचे त्यातले नंबर खरे असायचे का, की तुमचे मामा म्हणतात तसं सगळं फिक्स, आणि त्या नंबरांवरून आज "1993 ची टॉप दहा गाणी" अशी यादी केली तर ती धरून चालेल का. मी त्या काळात मुंबईत एडिटिंगला होतो, अंधेरीच्या स्टुडिओंमध्ये, गाण्यांचे प्रोग्रॅम कापण्यात बरीच वर्षं गेली आणि काउंटडाउन पण केले, म्हणून आतून बघितलेलं सांगतो. मी ज्या शोवर होतो तो वरच्या दोघांपैकी नव्हता, आणि त्याचं नाव इथे घेत नाही, त्यामुळे खालची भानगड कुठल्या एका शोच्या नावावर खपवू नका.

मामा अर्धे बरोबर आहेत. फिक्स कधी म्हणायचं, तर खरा आकडा कुठेतरी असतो आणि कोणीतरी तो दाबून दुसरा दाखवतो. आमच्याकडे दाबायला खरा आकडाच नव्हता. आणि तो नसण्याचं कारण कोणाचा लबाडपणा नव्हतं, कारण होतं कॅसेट.

आता हे नीट समजून घ्या कारण बाकी सगळं यावरच आहे. तुमच्या आजोबांच्या वेळी 78 ची तबकडी होती, एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं, म्हणजे एका बाजूला एक गाणं. तबकडी खपली की कुठलं गाणं खपलं हे दुकानदाराला कळायचं, फार तर दोन बाजूंपैकी कुठली यावर वाद. 1952 ला रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला सुरू झाली, पुढे तिच्यात गाण्यांना नंबर लागायला लागले तेव्हा अमीन सयानींकडे हा आधार होता, दुकानांमधून रेकॉर्डच्या विक्रीचे रिपोर्ट यायचे आणि जोडीला गावोगावचे श्रोता संघ आपापली मतं पाठवायचे. दोन पाय होते म्हणून ती यादी उभी राहायची. (ती सिलोनवर का, आकाशवाणीवर का नाही, तर तेव्हाचे नभोवाणी मंत्री बाळकृष्ण केसकर, मराठी माणूस, त्यांना सिनेमाची गाणी खपत नव्हती. त्यांनी दार लावलं आणि ऐकणारे सगळे कोलंबोला गेले. असो.)

पुढे एलपी, म्हणजे बरीच गाणी मावणारी मोठी तबकडी, आली आणि ऐंशीच्या दशकात कॅसेटने सगळंच उलटं केलं. कॅसेटवर आठ-दहा गाणी. 1990 ला आशिकी आला तेव्हा पानपट्टीपासून एसटी स्टँडपर्यंत ती एकच कॅसेट वाजत होती, पण ती कुठल्या गाण्यासाठी घेतली हे काउंटरवर कोणी विचारत नाही, गिऱ्हाईक म्हणतं आशिकी द्या, दुकानदार देतो. म्हणजे भारतात पिक्चर विकला जात होता, गाणं नाही. एखाद्या गाण्याची विक्री नावाची गोष्टच अस्तित्वात नव्हती, आणि आम्ही दर आठवड्याला गाण्यांना नंबर देत होतो!

त्यात कंपन्यांचे आकडे म्हणजे गोडाऊनमधून माल किती निघाला त्याचे. निघालेला माल परत पण यायचा, ते कोण सांगणार. आणि पायरेटेड कॅसेटचा बाजार एवढा मोठा की खरी विक्री कंपनीला स्वतःलाही माहीत नसेल, फुटपाथवरच्या कॅसेटची पावती कुठे असते.

उलट बाजू बघा. इंग्लंडमध्ये बीबीसीचं टॉप ऑफ द पॉप्स 1 जानेवारी 1964 पासून चालू होतं, आपले सगळे काउंटडाउन कळत-नकळत त्याच्याच घरातले. पण तिथे चार्ट टीव्हीवाले बनवत नव्हते. एक वेगळी संस्था दुकानांमधून सिंगलची, म्हणजे एका गाण्याच्या सुट्या रेकॉर्डची, विक्री मोजायची, 1983 पासून गॅलपने दुकानात मशीन बसवून, 1994 पासून मिलवर्ड ब्राउनने, आणि बीबीसीला तयार यादी मिळायची. त्यांचं काम एवढंच की यादीतल्या लोकांना स्टुडिओत बोलवा आणि गायला लावा (गायला म्हणजे बहुतेक वेळा ओठ हलवायला, 1991 ला त्यांनी आवाज तरी लाइव्ह पाहिजे असा नियम काढला, तोही पुढे सैल झाला). ऑगस्ट 1995 मध्ये ब्लर आणि ओएसिस या दोन बँडनी एकाच आठवड्यात सिंगल काढली तेव्हा आकडा असा आला की ब्लरच्या 2,74,000 आणि ओएसिसच्या 2,16,000. कोण जिंकलं यावर वाद नाही. आपल्याकडे त्याच वर्षी कोणी असा एक आकडा सांगितला असता तर स्टुडिओतला चहावाला पण हसला असता.

अर्थात तिथेही सगळे संत नव्हते. कुठल्या दुकानातून आकडे जातात हे कंपन्यांच्या सेल्समनना माहीत असायचं, मग त्याच दुकानात जाऊन आपलीच रेकॉर्ड विकत घेणं, दुकानदाराला फुकट माल देणं हे प्रकार चालायचे आणि त्यावर तिकडच्या टीव्हीने 1980 च्या सुमारास मोठी पोलखोल पण केली होती. अमेरिकेत तर 1991 पर्यंत चार्ट छापणारे बिलबोर्ड साप्ताहिकवाले दुकानात फोन करून विचारायचे काय खपतंय, दुकानदार मनाला येईल ते सांगायचा. मे 1991 ला त्यांनी बारकोडवरून मोजायला सुरुवात केली आणि काही आठवड्यांत यादी बदलली, रॅप आणि कंट्री म्युझिक एकदम वर. लोकांची आवड रातोरात बदलली नव्हती, मोजणी बदलली होती. चार्टबद्दल काही लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा.

आणि एक गंमत, विषय निघालाच आहे म्हणून. त्या ब्रिटिश चार्टमध्ये फेब्रुवारी 1998 ला एक नंबरला कोण, तर आपल्या आशाताई. म्हणजे गाणं त्यांनी गायलेलं नाही, कॉर्नरशॉप नावाच्या बँडने त्यांच्यावर लिहिलेलं, "ब्रिमफुल ऑफ आशा", ज्यात लताबाई आणि रफी पण येतात. मूळ गाणं 1997 ला साठाव्या नंबरवर येऊन गेलं होतं, नॉर्मन कुक नावाच्या डीजेने रिमिक्स केलं आणि ते सरळ वर. सांगलीकडे जन्मलेल्या बाईचं नाव टॉप ऑफ द पॉप्सवर एक नंबरला, आणि आपल्याकडच्या काउंटडाउनमध्ये त्याचा पत्ता नाही, कारण ते पिक्चरचं गाणं नव्हतं.

बरं आता आमच्याकडे यादी कशी व्हायची ते. प्रोड्युसरच्या ऑफिसात एक रिसर्चवाली मुलगी असायची. ती म्युझिक कंपन्यांना फोन करायची, टी-सीरिज, व्हीनस, टिप्स, एचएमव्ही, हे चार लोक म्हणजे जवळजवळ सगळा बाजार. प्रत्येक जण आपलंच गाणं वर सांगणार हे उघड. मग चार-पाच मोठ्या दुकानांना आणि डिस्ट्रीब्यूटरना फोन, काय चाललंय. काळा घोड्याला ऱ्हिदम हाऊससारख्या दुकानाचं उत्तर वेगळं आणि उपनगरातल्या स्टेशनबाहेरच्या स्टॉलचं वेगळं, कारण गिऱ्हाईक वेगळं. तिसरी गोष्ट पत्रं. पोती भरून यायची, 15 पैशांचं पोस्टकार्ड, त्यावर तीन गाण्यांची नावं आणि "कृपया माझं नाव टीव्हीवर घ्या". त्या काळात टीव्हीला पत्रं लिहिणं हा लोकांचा छंदच होता, दूरदर्शनच्या सुरभी कार्यक्रमाला तर एवढी पत्रं यायची की पोस्टाने स्पर्धांसाठी वेगळं महाग पोस्टकार्ड काढलं. पण पत्रं वाचणार कोण? वरची दोन-तीनशे चाळायची, बाकीची पोती जिन्याखाली. आणि त्यातही एकाच अक्षरातली पन्नास कार्डं एकाच गावाहून, हिरोच्या फॅन क्लबची.

या तिन्हींमधून एक कच्ची यादी व्हायची. आणि ही कच्ची यादी, खरं सांगतो, बऱ्यापैकी बरोबर असायची, कारण पहिली तीन-चार गाणी कुठली हे रिक्षात बसलं तरी कळत होतं. त्यासाठी रिसर्च कशाला. घोळ असायचा चार ते दहामध्ये. तिथे कुठलंही गाणं कुठेही ठेवलं तरी कोणी हरकत घेणार नाही, आणि जिथे हरकत घेणारा नसतो तिथेच बाकीच्या सोयी घुसतात.

पहिली सोय शूटिंगची. अँकरच्या तारखा आणि स्टुडिओचं भाडं, यामुळे दर आठवड्याला एक एपिसोड शूट करणं कोणालाच परवडत नव्हतं. एका दिवसात सेट लागला की महिन्याचे एपिसोड उरकायचे, जॅकेट बदल, गॉगल बदल, पुढचा. याला बँक करणं म्हणायचे, चॅनेलला पण पुढचे एपिसोड हातात लागायचे. आता विचार करा, महिन्याभरानंतरचा चार्ट आज कसा माहीत असणार? नाही माहीत. मग दोन रस्ते. एक म्हणजे यादी अंदाजाने आधीच करून टाकायची, कुठला पिक्चर कधी लागतोय ते बघून. दुसरा म्हणजे अँकरकडून गोल-गोल बोलून घ्यायचं, "आणि आता येतंय एक असं गाणं ज्याने सगळ्यांची झोप उडवलीय", हे कुठल्याही गाण्याला चालतं, आणि नंबर नंतर आम्ही एडिटवर सुपर करायचा, म्हणजे चित्रावर अक्षरात टाकायचा, किंवा व्हॉइसओव्हरमध्ये टाकायचा. जुने एपिसोड परत बघाल तर लक्ष द्या, अँकर गाण्याचं नाव तोंडाने घेतोय का. घेत नसेल तर ती लिंक, म्हणजे अँकरचं मधलं बोलणं, बँकेतली.

याच कारणामुळे अँकर शोचा जीव झाला, नंबर नाही. सुपरहिट मुकाबलामध्ये बाबा सेहगल होता, लखनौचा इंजिनियर मुलगा, हिंदीत रॅप करणारा, त्याची ठंडा ठंडा पानी ही कॅसेट 1992 ला आलेली, आणि मेट्रो चॅनेल म्हणजे दूरदर्शनचंच पोरगं असून त्यावर असा माणूस उड्या मारतोय हेच लोकांना नवं होतं. त्याआधी दूरदर्शनवर गाणी म्हणजे चित्रहार, आणि आपल्या मुंबई केंद्रावर छायागीत, गंभीर चेहऱ्याची बाई येऊन गाण्याचं नाव सांगणार. फिलिप्स टॉप टेनला सतीश कौशिक लिहायचे पण आणि अँकर पण करायचे, त्या लिखाणाला अवॉर्डही मिळालं. लोक त्यातल्या गमतींसाठी बसायचे. गाणं सात नंबरवर का आठवर हे सोमवारी ऑफिसात कोणाला आठवत नव्हतं, कौशिक काय बोलले ते आठवायचं.

दुसरी सोय टेपची, आणि ही बाहेरच्या माणसाला कधीच कळत नाही. गाणं दाखवायला गाण्याची टेप लागते. नवीन पिक्चरची क्लिप प्रोड्युसरच्या किंवा म्युझिक कंपनीच्या माणसाकडून यायची, यू-मॅटिक किंवा बीटाकॅम या स्टुडिओतल्या व्हिडिओ टेपवर. तो कुठलं गाणं सोडतो तेच आमच्याकडे. पिक्चर लागायच्या आधी दोनच गाणी बाहेर काढायची असं त्यांचं गणित असेल तर तिसरं गाणं रस्त्यावर कितीही वाजू दे, आमच्या यादीत येणार नाही. आणि टेप बुधवारपर्यंत हातात नाही आली तर त्याच्या जागी जे कपाटात आहे ते. हो, असे नंबर लागलेत. गाणं दोन पायऱ्या खाली का घसरलं, तर टेपवाला पोऱ्या वांद्र्याला ट्रॅफिकमध्ये अडकला.

क्लिप पण पूर्ण नाही, मिनिट-सव्वा मिनिट. पूर्ण गाणं कोणीच देत नव्हतं, देऊन कोण थिएटरला जाणार. मुखडा, थोडा म्युझिक पीस, परत क्रॉस लाइन (मुखड्याकडे परत नेणारी ओळ), कट. लिनिअर एडिटिंग असायचं, दोन प्लेअर, एक रेकॉर्डर, मधे एक शॉट लांबला तर पुढचं सगळं परत बसवायचं, त्यामुळे दहा गाण्यांची लांबी आधीच कागदावर ठरलेली. प्रत्येक डबला, म्हणजे टेपवरून टेपवर कॉपी करताना, चित्र जरा फाटायचं, यू-मॅटिकवरून आलेलं गाणं तिसऱ्या-चौथ्या डबला लाल रंग पसरलेला दिसायचा, हिरोइनची साडी शेजारच्या झाडावर. आज यूट्यूबवर लोक त्याला जुनं टेक्श्चर म्हणतात, आम्हाला त्याच्यावरून शिव्या बसायच्या. आणि दूरदर्शनसाठी असेल तर प्रिव्ह्यूला टेप जायची, मग अमुक स्टेप काढा, तमुक क्लोजअप काढा, तिथे आम्ही हिरोचा किंवा डोंगराचा शॉट चिकटवायचो. 1993 मध्ये खलनायकच्या चोलीवाल्या गाण्यावरून एवढा गदारोळ, प्रकरण कोर्टापर्यंत गेलं, आणि दुसरीकडे ते देशातलं सगळ्यात जास्त वाजणारं गाणं. म्हणजे वाजणं एक, विकणं एक, आणि टीव्हीवर दाखवता येणं तिसरंच.

तिसरी सोय म्हणजे आमचा घरचा नियम, एका पिक्चरची जास्तीत जास्त दोन गाणी. हा नियम नसता तर कार्यक्रमच करता आला नसता. 1994 ला हम आपके हैं कौन आला, त्यात चौदा गाणी, लग्नाच्या प्रत्येक विधीला एक, त्या सिझनला बँडवाल्यांनी दुसरं काही वाजवलं नसेल. खरा चार्ट असता तर अर्धी यादी तीच. पण अर्धा तास एकाच पिक्चरची गाणी दाखवली तर बाकीचे तीन कंपनीवाले दुसऱ्या दिवशी फोनवर. मग दोन गाणी त्याची, दोन अजून कोणाची, सगळ्यांना थोडं थोडं. पंगतीत बसलेल्या प्रत्येकाच्या पानात जिलबी पडली पाहिजे तसं. याला फिक्सिंग म्हणायचं तर म्हणा.

पैसे देऊन नंबर मिळायचा का? हा खरा प्रश्न आहे ना मनात. आमच्याकडे मी कोणी पाकीट देताना बघितलं नाही, आणि त्याची गरजही नव्हती. सगळा धंदा उघडच होता. स्पॉन्सर्ड कार्यक्रमाचं असं असायचं की प्रोड्युसर दूरदर्शनला टेलिकास्ट फी भरणार, त्या बदल्यात त्याला जाहिरातींची काही सेकंदं मिळणार, ती विकून त्याने आपला खर्च आणि नफा काढायचा. आता जो म्युझिक कंपनीवाला आपल्या नव्या कॅसेटची जाहिरात दर आठवड्याला तुमच्याच शोमध्ये देतो, त्याचं गाणं नऊ नंबरवरून सहावर गेलं तर त्यात कोणी कोणाला काही बोललेलं नसतं. बोलायची वेळच येत नाही. शोच्या नावातच कंपनी असायची, फिलिप्स टॉप टेन, क्लोज-अप अंताक्षरी, चॅनेल व्ही वर बीपीएल ओये, त्यामुळे प्रेक्षकाला पण माहीत होतं की हे कोणाच्या पैशावर चाललंय. मला यात फार काही पाप वाटत नाही. पाप एकच वाटतं, "देशभरातल्या प्रेक्षकांच्या पसंतीनुसार" हे जे वाक्य सुरुवातीला ठणकावून वाजायचं ते. ते टाकायला नको होतं.

कारण देशभरातली पसंती त्यात कुठेच नव्हती. मेट्रो चॅनेल 1993 ला सुरू झालं ते चार महानगरांचं दुसरं चॅनेल जोडून. झी टीव्ही 2 ऑक्टोबर 1992 ला सुरू झालं, पण बघायला केबल पाहिजे. म्हणजे परभणीच्या किंवा चिपळूणच्या माणसाने सुरुवातीच्या वर्षांत यातलं काही बघितलं असेलच असं नाही, आणि त्याचं मत यादीत येण्याचा प्रश्नच नाही. टीआरपी होती, पण ती घराघरातल्या डायरीवर, बाईने आठवड्याच्या शेवटी आठवून भरलेली, आणि ती शो किती लोकांनी बघितला ते सांगायची, गाणं नाही.

आणि आपल्या महाराष्ट्राचंच बघा. त्या काळात इथे सगळ्यात जास्त वाजणारा आवाज कोणाचा? माझं मत, प्रल्हाद शिंदे आणि आनंद शिंदे. पंढरपूरच्या वारीच्या वाटेवर, जत्रेत, जयंतीला, ट्रकमध्ये, वडापच्या जीपमध्ये. आनंद शिंदेंच्या पोपटाच्या गाण्याची कॅसेट किती खपली असेल याचा हिशोब कुठल्याच चार्टमध्ये नाही, कारण त्याला दाखवायला पिक्चर नाही, व्हिडिओ नाही, मग टीव्हीच्या दृष्टीने ते गाणं झालंच नाही. गणपतीच्या आरत्यांची कॅसेट तर दरवर्षी, न चुकता. टीव्हीचा टॉप टेन म्हणजे ज्याची टेप आहे अशा गाण्यांमधला टॉप टेन, एवढंच वाचायचं.

हे चित्र जरा बदललं ते एमटीव्ही आणि चॅनेल व्ही मुळे. चॅनेल व्ही 1994 ला आलं, आणि तिथे पिक्चर नसलेल्या गाण्याला व्हिडिओ करून पाठवायची सोय झाली. 1995 ला अलिशाचं मेड इन इंडिया, केन घोषने केलेला व्हिडिओ, मिलिंद सोमण पेटीतून बाहेर येतोय, ते बघून आमच्या स्टुडिओतले सगळे गप्प झाले होते कारण एका गाण्यावर एवढा खर्च कोणी केला नव्हता. मग दलेर मेहंदी, लकी अली, रांगच लागली. आणि इथे चार्टला पहिल्यांदा थोडा अर्थ आला, कारण इंडीपॉपवाल्याकडे (पिक्चरबाहेरची पॉप गाणी करणाऱ्याकडे) एका अल्बमचा एक व्हिडिओ, तो व्हिडिओ चालला म्हणून कॅसेट खपली असं सरळ म्हणता यायचं. म्हणजे सिंगल नसूनही सिंगलचं गणित. मराठीत हे यायला वेळ लागला. अल्फा मराठी (आजचं झी मराठी) 15 ऑगस्ट 1999 ला सुरू झालं, गारवा या अल्बमचे व्हिडिओ लोकांनी डोक्यावर घेतले, आणि नंतर अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंतचं ऐका दाजीबा तर थेट हिंदी म्युझिक चॅनेलवर, गुजराती-पंजाबी पोरं पण नाचत होती. पण तोपर्यंत काउंटडाउनचा जमाना संपत आला होता. चोवीस तास गाणीच दाखवणारी चॅनेल असताना आठवड्यातून अर्धा तास वाट कोण बघणार.

मग नंबरांना काहीच किंमत नव्हती का? होती, पण उलट्या दिशेने. यादी लोकांची आवड मोजत नव्हती, थोडी घडवत होती. शो लागला की दुसऱ्या दिवशी दुकानात "ते टीव्हीवर काल तीन नंबरला होतं ते" असं विचारणारे येतात हे दुकानदार आम्हाला सांगायचे, आणि तोच दुकानदार मग पुढच्या आठवड्यात रिसर्चवाल्या मुलीला फोनवर सांगणार की हे गाणं जोरात आहे. आमचाच आकडा फिरून आमच्याकडे. आजच्या ट्रेंडिंगचं पण मला काही वेगळं दिसत नाही, तिथे मोजणी आहे पण व्ह्यूजला पैसे लावता येतात, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

तर तुमच्या यादीबद्दल. टीव्हीच्या नंबरांवरून "1993 ची टॉप दहा" असं छापू नका. "या शोमध्ये या तारखेला दाखवलेली गाणी" असं म्हणा, ते खरं आहे आणि तेवढंच खरं आहे. वार्षिक यादीच पाहिजे असेल तर गीतमालाच्या वार्षिक याद्या घ्या, रेडिओवर तो कार्यक्रम नव्वदच्या मध्यापर्यंत चालू होता, पद्धत शेवटी शेवटी त्यांनाही जड गेली असणार पण निदान एकाच माणसाने एकाच शिस्तीत चाळीस वर्षं केलेलं काम आहे. आणि त्याच्या शेजारी त्या वर्षी कुठल्या पिक्चरच्या कॅसेट गाजल्या ते ठेवा, गाण्यांच्या नंबरांपेक्षा पिक्चरची नावं जास्त भरवशाची, कारण विकलं तेच जात होतं.

मूळ एपिसोड मिळतील या आशेवर फार राहू नका. टेप महाग होत्या, वापरलेली यू-मॅटिक पुसून परत वापरणं हा रोजचा प्रकार होता, बीबीसीने सुद्धा टॉप ऑफ द पॉप्सचे साठ-सत्तरच्या दशकातले कित्येक एपिसोड असेच पुसलेत. जे काही शिल्लक आहे ते लोकांनी घरी व्हीसीआरवर रेकॉर्ड केलेलं. त्यात तारीख नसते, पण जाहिराती कापलेल्या नसतील तर तारीख काढता येते, "येत्या शुक्रवारपासून" असं पिक्चरच्या जाहिरातीत म्हटलेलं असतं, तो पिक्चर कुठल्या शुक्रवारी लागला ते शोधलं की आठवडा सापडला. म्हणून टेप डिजिटल करताना जाहिराती काढून टाकू नका, बहुतेक दुकानवाले स्वतःच्या मनाने काढतात, त्यांना आधीच सांगून ठेवा.

आणि मामांकडच्या ज्या व्हीएचएस आहेत म्हणालात त्या आधी झाकण उघडून उजेडात बघा. टेपच्या कडेला पांढरी पावडर दिसली तर ती बुरशी आहे, मशीनमध्ये घालू नका, हेड जाईल आणि त्याच मशीनमधून पुढची चांगली टेप पण खराब होईल. मुंबई-कोकणच्या दमट हवेत हे हमखास होतं. आधी साफ करून घ्यायची, मग एकदा शेवटपर्यंत पुढे-मागे फिरवायची, आणि पहिल्याच वेळेला प्ले करताना रेकॉर्डिंग चालू ठेवायचं, कारण काही टेप एकदाच चालतात.